परतीच्या विमानाआधीचे शेवटचे पाच दिवस: कधी निघावं, काय आवरावं, काय टाळावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अडीच महिन्यांचा परदेश प्रवास संपत आला आहे, हातात पाच दिवस आहेत. विमान जिथून सुटतं ते शहर सहा तासांवर आहे. शेवटच्या रात्रीपर्यंत आहात तिथेच राहावं की आधीच तिकडे जावं, हे ठरत नाही. दोन बॅगांच्या तीन झाल्या आहेत. वाटेत मलेरियाचा भाग होता म्हणून सुरू केलेल्या गोळ्या आता बंद केल्या तर चालतील का, हेही विचारलं आहे. आणि तुम्हाला घरी जायची ओढ लागली आहे, तर नवऱ्याचा पाय निघत नाही.

लांबच्या सहली आखून देणं आणि काहींबरोबर टूर मॅनेजर म्हणून जाणं, हाच माझा व्यवसाय. सगळी चांगली चाललेली सहल शेवटच्या दोन दिवसांत विस्कटताना मी पुष्कळदा पाहिली आहे, आणि त्यातली बहुतेक विस्कटणी टाळता येण्यासारखी होती. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे. शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नका. विमान सुटतं त्या शहरात निदान दोन रात्री आधी मुक्कामाला जा. प्रवासाच्या मधल्या टप्प्यात गाडी रद्द झाली, वादळ आलं, बोट सुटली नाही, तर तो दिवस पुढच्या दिवसांत जिरून जातो. एखादं ठिकाण वगळलं की झालं. शेवटी मात्र पुढचे दिवसच नसतात. सहा तासांचा रस्ता म्हणजे एरवी सहा तास, आणि एखादी दरड, संप किंवा दाट धुकं आलं की किती, ते कोणी सांगावं.

दोन रात्री म्हणते, एक नाही, त्यालाही कारण आहे. एकच रात्र ठेवली की माणसं संध्याकाळी दमून पोहोचतात, बॅगा तशाच पडतात, आणि सगळी कामं दुसऱ्या दिवशी अंगावर येतात. मग शेवटचा दिवस आवराआवरीत जातो. दोन रात्री असल्या की मधला एक अख्खा दिवस मोकळा मिळतो. त्या दिवसाबद्दल पुढे सांगते, कारण माझ्या मते सगळ्या आखणीत तोच महत्त्वाचा.

हे सहा तास तुम्ही देशांतर्गत विमानाने गाठणार असाल, तर ते तिकीट परतीच्या तिकिटाबरोबर एकाच बुकिंगमध्ये आहे का, ते आज बघा. एकच बुकिंग असेल तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तरी तुम्हाला पुढच्या विमानात बसवून देणं विमान कंपनीकडे येतं. दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. सामानही बहुतेक वेळा स्वतः बेल्टवरून उचलून पुन्हा चेक-इन करावं लागतं. अशा वेळी दोन विमानांमध्ये काही तासांचं अंतर पुरत नाही, मध्ये एक रात्रच हवी.

तिकीट उघडलंच आहे तर तारीख मोठ्याने वाचा, आणि नवऱ्यालाही वाचायला सांगा. लांब पल्ल्याची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ००.२० अशी वेळ असेल, तर विमानतळावर १४ तारखेला रात्रीच पोहोचायचं असतं. १५ ला रात्री सामान घेऊन पोहोचणारी, शिकलेली, जग फिरलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. विमानाच्या वेळा नेहमी त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापतात हेही लक्षात ठेवा. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. फोन आपणहून बदलतो, मनगटी घड्याळ बदलत नाही.

याच तारखेचा व्हिसाशीही संबंध येतो. इतका लांब मुक्काम असला की परवानगीचे दिवस काठावर येतात. शेंगेन देशांचं, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचं, उदाहरण घ्या: कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि त्यात येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस धरतात. नव्वदावा दिवस रात्री बारापर्यंतच असतो. विमान साडेबाराचं आणि पासपोर्टची रांग लांबली, तर बाहेर पडल्याची नोंद एक्क्याण्णवाव्या दिवशी होऊ शकते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे ही नोंद शिक्क्याऐवजी संगणकावर घ्यायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे हिशेब यंत्र करतं. तुम्ही जिथे असाल तिथला नियम पाहून हाताने दिवस मोजा आणि एक-दोन दिवस हाताशी ठेवा.

आता बॅगा. तिसऱ्या बॅगेचा प्रश्न विमानतळावर सोडवू नका, निघण्याच्या तीन दिवस आधी खोलीतच सोडवा. सगळं सामान पलंगावर काढा. खरोखर सगळं: बाथरूममधलं, दोरीवरचं, दाराच्या हुकावरचं, बाजूच्या खिशातल्या पावत्यासुद्धा. मग एकदा पूर्ण भरून बघा आणि वजन करा. सामान तोलायचा हातकाटा नसेल तर मुक्कामाच्या ठिकाणी विचारा, बऱ्याच ठिकाणी असतो. बऱ्याच विमान कंपन्या साध्या तिकिटावर एका बॅगेला २३ किलोची मर्यादा ठेवतात. एकाच बॅगेत ३२ किलोंपेक्षा जास्त वजन तर पैसे भरूनही बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचा विचार त्यात आहे. म्हणजे एका बॅगेत कोंबून दुसरी वाचवायचा बेत चालणार नाही. तिसरी बॅग न्यायचीच असेल तर तिचे पैसे आधी ऑनलाइन भरा, काउंटरवर ते सहसा जास्त पडतात.

बहुतेकांची तिसरी बॅग मात्र न नेता संपते. अडीच महिन्यांत झिजलेले बूट, अर्ध्या बाटल्या, गाईडबुकं, पावसासाठी घेतलेली छत्री, तिथल्या सॉकेटचं ॲडॉप्टर हे सगळं मागे ठेवता येतं. पण कचऱ्यात नको. ॲडॉप्टर, छत्री, दिवस शिल्लक असलेला बसचा पास या गोष्टी नुकत्याच आलेल्या प्रवाशाला सोन्यासारख्या वाटतात. पुस्तकं आणि कागद जड असतात, ते टपालाने पाठवा. जहाजाने जाणारं टपाल आठवडे, कधी महिने घेतं, पण पुस्तकांना घाई नसते.

टपालात आणि चेक-इन बॅगेत जाऊ नये अशी वस्तू म्हणजे पॉवर बँक. ती हातातल्या बॅगेतच हवी. नियम मिलीअँपिअर-अवरमध्ये नसून वॉट-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेच्या मापात आहे. वर २०,००० मिलीअँपिअर-अवर लिहिलं असेल तर त्याला ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागा, ७४ वॉट-अवर येतात. १०० पर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची संमती लागते आणि अशा दोनच नेता येतात, त्यापुढची प्रवासी विमानात चालत नाही. आकडा पुसून गेला असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाच्या तयारीत असतानाच पेटलं. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला किंवा विमानात वापरायला मनाई केली. म्हणून ती खिशात किंवा पुढच्या सीटखाली ठेवा. विमान भरलेलं असलं की ऐन दारात हातातली बॅग मागून घेऊन खाली सामानात टाकतात. तेव्हा त्यातून पॉवर बँक काढून घ्यायची आठवण ठेवा, घाईत तीच राहून जाते.

बूट नेणार असाल तर आजच धुवा. तळव्याच्या खाचांत अडकलेली माती आणि बिया यांवर बऱ्याच देशांचे जैवसुरक्षा अधिकारी बारीक नजर ठेवतात, कारण पिकांचे आणि जनावरांचे रोग त्यातून पसरतात. शेवटच्या दिवशी धुतलेले बूट ओलेच बॅगेत जातात, वजन वाढवतात आणि शेजारच्या कपड्यांना वास लावतात.

आठवणीदाखल घेतलेल्या वस्तूंकडेही आताच बघा. प्रवाळाचा तुकडा, मोठा शंख, सापाच्या किंवा मगरीच्या कातड्याचा पट्टा, हस्तिदंत, रानातून उचललेलं ऑर्किड यांतल्या पुष्कळ गोष्टी साइटीस करारात येतात. धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा हा आंतरराष्ट्रीय करार १९७३ मध्ये झाला आणि १ जुलै १९७५ पासून लागू आहे. दुकानात उघड विकतात म्हणजे सीमेवर चालतं असं नाही. विकणाऱ्याला परवाना दाखवावा लागला नसेल, तुम्हाला सीमा ओलांडताना लागू शकतो. शंका असेल ती वस्तू मागे ठेवा. किनाऱ्यावर सापडलेल्या शिंपल्यांबद्दलही माझं मत हेच, ते किनाऱ्यालाच शोभतात.

खरेदीवरचा कर परत मिळण्याची सोय तिथे असेल, तर बहुतेक देशांत वस्तू कस्टम्सला दाखवाव्या लागतात, आणि तेही बॅग चेक-इनला देण्याआधी. म्हणून त्या वस्तू आणि पावत्या वरच ठेवा आणि विमानतळावर एक तास जास्त धरा. ग्रेट ब्रिटनमध्ये पर्यटकांसाठीची ही सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका.

हातातल्या बॅगेत औषधं, मूळ कागदपत्रं, कपड्यांचा एक जोड आणि घराची किल्ली ठेवा. किल्लीचं कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. अडीच महिने ती चेक-इन बॅगेच्या तळाशी पडून असते, आणि बॅग मागे राहिली तर रात्री दोन वाजता माणूस स्वतःच्याच दाराबाहेर उभा असतो. फोटोंच्या दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच राहू दिलं तर ती दुसरी प्रत नव्हे.

बॅग बंद करण्यापूर्वी आतल्या सामानाचा आणि बाहेरून बॅगेचा असे फोटो काढा. बेल्टवर बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचा १९९९ चा मॉन्ट्रियल करार जिथे लागू होतो तिथे नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि उशिरा आलेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. पण भरपाई आपोआप त्या आकड्याइतकी मिळत नाही, नुकसान दाखवावं लागतं. तिथेच ते फोटो उपयोगी पडतात.

पैशांचं थोडक्यात. नाणी आधी संपवा, कारण चलन बदलून देणारे बहुतेक ठिकाणी फक्त नोटा घेतात. कार्ड देताना यंत्राने विचारलं की घरच्या चलनात घ्यायचं की तिथल्या, तर तिथलंच चलन निवडा. टॅक्सीपुरती रोकड वेगळी काढून ठेवा. भाड्याची गाडी असेल तर ती माणूस हजर असताना परत करा. चारही बाजूंचे, इंधनाच्या काट्याचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो त्याच्यासमोर काढा.

शरीराबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. शेवटच्या दिवसांत "हे राहिलंच की" म्हणून माणसं सगळ्यात धाडसाच्या गोष्टी करायला निघतात. स्कूबा डायव्हिंग राहिलं असेल तर ते आज-उद्याच उरका. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि तो हळूहळूच बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब कमी असतो, त्यामुळे लवकर उड्डाण केलं तर त्याचे रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे होऊ शकतात. डायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी आहे: टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची गरज न पडलेली एकच डुबकी असेल तर निदान १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा सलग काही दिवस डुबक्या असतील तर निदान १८ तास विमानात बसू नये. तसं थांबत वर यावं लागलं असेल तर त्याहूनही जास्त. मी सगळ्यांना सरसकट २४ तास ठेवायला लावते.

भाड्याची स्कूटर, घसरडा डोंगर, उंच कड्यावरून पाण्यात उडी हे शेवटच्या दोन दिवसांत नकोच. त्या दिवशी पडण्याची शक्यता जास्त असते असं नाही. पडल्यावर निस्तरायला दिवस उरत नाहीत, हे कारण. हाड मोडून ताजं प्लास्टर घातलं असेल तर प्लास्टर उभं चिरल्याशिवाय बऱ्याच कंपन्या पहिले एक-दोन दिवस विमानात घेत नाहीत, कारण उड्डाणात सूज वाढून रक्तप्रवाह अडू शकतो.

झोपेचं एक सोपं काम आहे. शरीर साधारण दिवसाला एखादा तास या गतीने नव्या वेळेशी जुळतं, आणि पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो. परत पूर्वेकडे जायचं असेल तर आजपासून रोज अर्धा तास लवकर झोपा आणि सकाळचं ऊन घ्या. पश्चिमेकडे जायचं असेल तर उलट करा.

आता तुमच्या प्रश्नातला तो भाग, जो तुम्ही शेवटी, जरा संकोचून विचारला आहे. घरची ओढ लागली म्हणून तुम्हाला अपराधी वाटतंय, असं वाचताना जाणवलं. वाटून घेऊ नका. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये लांब सुट्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. सरासरी २३ दिवसांची सुट्टी घेतलेल्या नोकरदारांचं स्वास्थ्य सुरुवातीला झपाट्याने वाढलं आणि आठव्या दिवसाच्या सुमारास सर्वात वर होतं. तुमचे तर अडीच महिने झालेत. रोज नवा पलंग, नवी भाषा, रोज नवे निर्णय याने कोणीही थकेल. नवऱ्याला थांबावंसं वाटतं तेही तितकंच खरं. दोघांनी एकमेकांना पटवत बसू नये असं मी नेहमी सांगते. या पाच दिवसांतला एक अर्धा दिवस वेगवेगळा घालवा. तुम्ही खोलीत निवांत बॅग लावा, घरी फोन करा. त्यांना एकट्याला हवं तिथे जाऊ द्या. अडीच महिने चोवीस तास बरोबर राहिल्यावर ही मोकळीक दोघांनाही लागते.

आणि तो मधला मोकळा दिवस. त्या दिवशी नवीन काही बघू नका, एकही तिकीट काढू नका. आधी पाहिलेल्या, आवडलेल्या एखाद्या जागी पुन्हा जा. माझ्याबरोबर एका सहलीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. शेवटच्या दिवशी बाकीचे राहिलेलं संग्रहालय गाठायला धावले, त्या मात्र रेल्वे स्टेशनवर गेल्या आणि पहिल्या रात्री बॅग ओढत ज्या रस्त्याने मुक्कामावर आल्या होत्या, त्याच रस्त्याने हळूहळू चालत परत आल्या. मी त्यांच्याबरोबर होते. पहिल्या रात्री नुसत्या रेघोट्या वाटलेल्या पाट्या त्या आता अक्षर-अक्षर लावून वाचत होत्या: औषधांचं दुकान, शिंपी, शाळा. एका पाटीपाशी थांबून अडखळत वाचली, आणि आतल्या माणसाने काचेआडून हात हलवला. त्या रस्त्याला जेमतेम अर्धा तास लागतो, आम्हाला दोन तास लागले. संग्रहालयाला गेलेले लोक संध्याकाळी पाय चोळत बसले होते.

निरोपही आधीच घ्या. मुक्कामाची मालकीण, रोज हाक मारणारा शेजारी, वाट दाखवणारी मुलगी यांना आदल्या संध्याकाळी भेटा. टॅक्सी दारात उभी असताना घेतलेला निरोप दोन्ही बाजूंना अर्धवट लागतो.

निघताना खोली कुठूनही बघायला सुरुवात करू नका, दारापासून एकाच दिशेने भिंतीला धरून फिरा. दारामागचा हुक, प्रत्येक सॉकेट, पलंगाच्या मागचा चार्जर, उशीखाली, बाथरूमच्या दाराची आतली बाजू, फ्रीजमध्ये ठेवलेलं औषध, आणि तिजोरी. तिजोरीत पासपोर्ट असतील तर आदल्या रात्री त्यांच्यावर एक बूट ठेवा. एका पायात बूट घालून कोणी निघत नाही.

राहिला गोळ्यांचा प्रश्न. त्या बंद करू नका. मलेरियाचे परजीवी रक्तात उतरण्यापूर्वी काही दिवस यकृतात असतात, म्हणून धोक्याचा भाग सोडल्यानंतरही औषध चालू ठेवावं लागतं. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर तो भाग सोडल्यापासून ७ दिवस, डॉक्सिसायक्लिन रोज आणि मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा असं ४ आठवडे. तुमच्या पाकिटावरचं नाव बघा आणि दिवस परतीच्या तारखेपासून न मोजता मलेरियाचा भाग सोडल्याच्या तारखेपासून मोजा. कदाचित तुमचे दिवस भरलेही असतील. तसं असेल तर लिहून दिलेल्या डॉक्टरांना एक निरोप पाठवून खात्री करा. गोळ्या नीट घेतल्या तरी परतल्यावर ताप आला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कुठे होतात ते आपणहून सांगा आणि मलेरियासाठी रक्त तपासायला सांगा. काही प्रकारचे परजीवी यकृतात सुप्त राहून बऱ्याच महिन्यांनीही ताप आणतात, त्यामुळे वर्षभर तरी प्रत्येक तापात या प्रवासाचा उल्लेख करा.